त्साओ त्साओचा पांढरा चेहरा

जॉन वू या दिग्दर्शकाचा 'रेड क्लिफ' पूर्ण पाहायचा तर दोन रात्री काढाव्या लागतात. चीनमध्ये तो दोन भागांत आला, पहिला जुलै २००८ मध्ये आणि दुसरा जानेवारी २००९ मध्ये. दोन्ही मिळून पावणेपाच तासांच्या आसपास. बाहेरच्या देशांसाठी त्याची कापून अडीच तासांची आवृत्ती केली. ती पाहून समाधान मानू नका. कात्रीत लढाया वाचल्या आहेत, माणसं मात्र गेली आहेत.

लढाया पाहण्यासारख्या आहेतच. यांगत्से नदीवर क्षितिजापर्यंत पसरलेली गलबतं, कासवाच्या पाठीसारखी ढालींची रचना, तान्हं मूल सांभाळत भाला चालवणारा झाओ युन आणि शेवटी रात्रभर पेटलेली नदी. हाँगकाँगमध्ये वाढलेला आणि हॉलीवुडमध्ये नाव कमावलेला हा दिग्दर्शक आपल्या मुळांकडे परतला आणि त्या वेळी आशियात सर्वांत खर्चिक ठरलेला चित्रपट त्याने केला. त्या आगीच्या चित्रीकरणात जून २००८ मध्ये एका स्टंट कलाकाराचा खराखुरा जीव गेला, हेही लक्षात ठेवून ती दृश्यं पाहावीत.

पण मी लिहायला बसलो ते लढायांसाठी नाही. दुसऱ्या भागात एक सुंदर स्त्री एकटी शत्रूच्या छावणीत जाते. सेनापती त्साओ त्साओ हल्ल्याचा हुकूम द्यायच्या बेतात असतो. ती त्याच्यासमोर बसून सावकाश चहा करते, त्याला बोलण्यात गुंतवते आणि तेवढ्यात वारा फिरतो. ती शियाओ चियाओ, शत्रूचा सेनानी झोऊ यू याची पत्नी. त्साओ त्साओ तिच्यावर कित्येक वर्षं डोळा ठेवून आहे, हे चित्रपटाने आधीच मनावर ठसवलेलं असतं. लाखोंचं सैन्य, हजारो गलबतं, आणि या सगळ्याच्या मुळाशी दुसऱ्याच्या बायकोचा हव्यास.

हे पाहताना मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली. तुम्हालाही आठवली असेल. तिच्याकडे येतोच, पण आधी चीनमध्ये नेमकं काय झालं होतं ते पाहू.

इसवी सन २०८. चारशे वर्षं चाललेली हान राजवट नावापुरती उरली होती. सम्राट शियान गादीवर होता, पण १९६ पासून तो त्साओ त्साओच्या मुठीत होता. उत्तर चीन जिंकून त्साओ त्साओने २०८ मध्ये पंतप्रधानपद घेतलं आणि दक्षिणेकडे मोर्चा वळवला. वाटेत जिंगझोऊ प्रांत होता. यांगत्सेचा मधला पट्टा, सुपीक जमीन, तयार नौदल, शस्त्रांची आणि धान्याची कोठारं. तिथला सुभेदार लिऊ बियाओ ऐन वेळी वारला आणि त्याच्या मुलाने न लढताच शरणागती पत्करली. त्याच्या आश्रयाला असलेला लिऊ बेई दक्षिणेकडे पळाला. नदीच्या खालच्या अंगाला सुन चुआनचं राज्य होतं. त्याच्या दरबारातले बहुतेक सल्लागार शरण जाऊ म्हणत होते. लू सू नावाच्या सल्लागाराने त्याला एकांतात गाठून जे सांगितलं त्याचा मतलब असा: आम्ही शरण गेलो तर आम्हाला कुठेतरी नोकरी मिळेल, तुम्ही गेलात तर तुम्हाला कुठे जागा आहे? राजकारणाचं इतकं स्वच्छ विश्लेषण पूर्ण चित्रपटात सापडत नाही.

म्हणजे लढाई होती एका प्रांतासाठी आणि एका नदीसाठी. ज्याच्या हाती यांगत्से त्याच्या हाती दक्षिण. यात बाईचा संबंध कुठेच नव्हता.

आकड्यांचंही तसंच. त्साओ त्साओने आपल्याकडे आठ लाख सैन्य असल्याची हूल उठवली. झोऊ यूने सुन चुआनपुढे हिशोब मांडला: उत्तरेचे फार तर दीड लाखावर थोडे, तेही थकलेले, शिवाय जिंगझोऊचे सत्तर-ऐंशी हजार, ज्यांचं मन अजून नव्या मालकाकडे वळलेलं नाही. त्याने पन्नास हजार माणसं मागितली, मिळाली तीस हजार. उत्तरेकडची माणसं घोड्यावर वाढलेली, त्यांना पाण्याची सवय नाही. छावणीत रोगराई पसरली. झोऊ यूचा सरदार हुआंग गाय याने खोट्या शरणागतीचं पत्र पाठवलं, सुक्या गवताने आणि तेलाने भरलेली गलबतं वाऱ्यावर सोडली आणि एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या शत्रूच्या गलबतांना आग लावली.

याची सर्वांत जुनी आणि विश्वासार्ह नोंद चेन शौ या इतिहासकाराची. 'तीन राज्यांच्या नोंदी' हा त्याचा ग्रंथ तिसऱ्या शतकातला, म्हणजे लढाई पाहिलेल्यांची मुलं-नातवंडं हयात असतानाचा. त्यात त्साओ त्साओच्या चरित्रात ही लढाई दोन-तीन वाक्यांत संपते: लढाई अनुकूल झाली नाही, मोठी साथ आली, पुष्कळ अधिकारी आणि शिपाई मेले, सैन्य मागे घेतलं. आगीचा तपशील मिळतो तो झोऊ यूच्या चरित्रात. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात हरणाऱ्याच्या पानावर साथ मोठी आणि जिंकणाऱ्याच्या पानावर आग मोठी. सव्वाशे वर्षांनी पेई सोंगझी याने या ग्रंथाला टिपणं जोडली, त्यात त्साओ त्साओचं म्हणून एक पत्र आहे. आजारपणामुळे आपणच आपली गलबतं जाळून परतलो आणि झोऊ यूला फुकटचं श्रेय मिळालं, अशी त्यात त्याची तक्रार आहे. हरलेला माणूस असंच म्हणणार म्हणा. तरी त्याचं म्हणणं टिपून ठेवलं गेलं.

त्या चहा करणाऱ्या शियाओ चियाओबद्दल या जुन्या ग्रंथात काय आहे? जवळजवळ एक वाक्य. १९९ च्या सुमारास सुन चुआनचा थोरला भाऊ सुन त्से याने एक शहर घेतलं तेव्हा चियाओ घराण्यातल्या दोन रूपवान बहिणी सापडल्या. थोरली त्याने ठेवली, धाकटी झोऊ यूने. 'दा' म्हणजे थोरली आणि 'शियाओ' म्हणजे धाकटी. त्या बाईंचं स्वतःचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही. जिंकलेल्या शहरातून बायका उचलणारे तेव्हा त्साओ त्साओच्या विरुद्ध बाजूचे वीर होते, ही गंमत चित्रपट अर्थातच सांगत नाही.

मग त्साओ त्साओ तिच्यामागे लागला कधी? लढाईनंतर साडेसहाशे वर्षांनी. तांग काळात, नवव्या शतकात, दू मू नावाचा कवी होऊन गेला. लाल कड्यावरच्या आपल्या छोट्या कवितेत त्याने कल्पना केली की पूर्वेचा वारा वाहिला नसता तर या दोघी बहिणी त्साओ त्साओच्या ताम्रपक्षी प्रासादात बंदिस्त झाल्या असत्या. कवीने नुसतं 'जर-तर' केलं होतं. पुढे चौदाव्या शतकात लुओ ग्वानझोंगच्या नावाने प्रसिद्ध असलेली 'तीन राज्यांची कहाणी' ही कादंबरी आली, तेव्हा त्या 'जर-तर'चा कट झाला. कादंबरीत झुगे लियांग हा मुत्सद्दी झोऊ यूला युद्धाला उभं करण्यासाठी त्साओ त्साओच्या मुलाचं काव्य म्हणून दाखवतो. 'चियाओ' म्हणजे पूलही होतो. त्या शब्दावर श्लेष करून तो असा अर्थ काढतो की त्साओ त्साओला प्रासादात त्या दोघी हव्या आहेत. झोऊ यू पेटून उठतो. प्रसंग झकास आहे. फक्त तो प्रासाद बांधला गेला २१० मध्ये, लढाईनंतर दोन वर्षांनी.

आणि तरीही कादंबरीत ती झुगे लियांगची लबाडी आहे. वाचकाला कळतं की तो झोऊ यूला चिथावतोय. चित्रपटाने पुढचं पाऊल टाकलं: ती लबाडीच खरी मानली. नवव्या शतकातली कल्पना, चौदाव्या शतकात बनाव आणि एकविसाव्यात डोळ्यांनी पाहिलेली वस्तुस्थिती.

आता ती आपल्याकडची गोष्ट. अलाउद्दीन खिलजीने चित्तोड घेतलं १३०३ मध्ये. अमीर खुसरो त्या मोहिमेत त्याच्याबरोबर होता आणि 'खजाइनुल फुतूह' या फारसी ग्रंथात त्याने ती लिहिली. त्यात पद्मिनी नावाची राणी नाही. ती येते मलिक मुहम्मद जायसीच्या 'पद्मावत'मध्ये, १५४० मध्ये, दोनशे सदतीस वर्षांनी. जायसी सूफी होता. त्याला तवारीख लिहायची नव्हती, इश्काची दास्तान सांगायची होती. सिंहलद्वीप, बोलणारा पोपट, हे सगळं त्यात आहे आणि पोपट बोलतो म्हणून कुणी जायसीला खोटारडा म्हणत नाही. पण २०१८ मध्ये पडदा उघडला तेव्हा पोपट उडून गेला होता आणि उरला होता तो मांस ओरबाडणारा, केस मोकळे सोडलेला, परस्त्रीसाठी वेडा झालेला सुलतान. दू मूच्या कवितेचं जे झालं तेच जायसीच्या दास्तानीचं झालं.

इथे कुणी म्हणेल की हा माणूस आता खिलजीचा बचाव करणार. मुळीच नाही. खुसरो स्वतःच लिहितो की चित्तोड पडल्यावर तीस हजार माणसं मारली गेली, आणि ते लिहिताना त्याचा सूर अभिमानाचा आहे. १२९६ मध्ये हाच अलाउद्दीन आपल्या देवगिरीवर आला तो खजिन्यासाठी आणि त्याच संपत्तीच्या बळावर चुलत्याचा खून करून तख्तावर बसला. यातलं काहीही पडद्यावर दाखवा, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती याची, की कापलेली माणसं बाजूला राहतात आणि न घडलेला हव्यास पुढे येतो. हव्यासाचं एक बरं असतं. तो एका माणसाच्या स्वभावावर ढकलता येतो आणि मग त्याच्या 'जाती'वर. राज्य कसं चालतं, खजिना कशाने भरतो, हे विचारायची गरजच उरत नाही.

त्साओ त्साओच्या बाबतीतही नेमकं असंच आहे. १९३ मध्ये त्याच्या वडिलांचा खून झाला. सूड म्हणून त्याने शुझोऊ प्रांतावर दोनदा स्वारी केली आणि सामान्य रयतेची इतकी कत्तल केली की प्रेतांनी नदीचा प्रवाह अडला, असं जुना इतिहास नोंदवतो. हा त्याचा खरा गुन्हा. तो चित्रपटात नाही. त्याऐवजी साथीने मेलेल्या आपल्याच सैनिकांची प्रेतं तराफ्यांवर घालून पलीकडे पाठवणारा त्साओ त्साओ आहे, जे घडल्याचा कोणताही पुरावा नाही. खरं पाप पुसून त्या जागी खोटं पाप लिहिणं, ही काय रीत झाली?

पुण्याचंही तेच. या माणसाने १९६ पासून ओसाड जमिनीवर निर्वासितांना आणि शिपायांना वसवून सरकारी शेती उभी केली. दुष्काळाने जिथे माणसं भुकेने मरत होती तिथे कोठारं भरली. २१० मध्ये फर्मान काढलं की माणसाचं घराणं आणि चारित्र्य नंतर पाहू, आधी गुण पाहून त्याला पुढे आणा. सुन त्झूच्या युद्धशास्त्रावरची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी टीका त्याची आहे. तो मोठा कवी होता. रानात पसरलेल्या हाडांवर त्याने लिहिलं आहे, आणि त्यातली काही हाडं त्याच्याच स्वाऱ्यांनी पाडलेली होती हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. असा माणूस पडद्यावर मला हवा होता. जॉन वूने एका दृश्यात थोडा दाखवलाही आहे, आजारी शिपायांत मिसळून आपल्या लेकाबद्दल बोलणारा. ते दृश्य चहाच्या दृश्याहून कितीतरी भारी आहे.

वूच्या पदरात एक गोष्ट मात्र घालायला हवी. कादंबरीने झोऊ यूला कोत्या मनाचा, झुगे लियांगचा मत्सर करून झुरून मरणारा करून टाकलं होतं. सगळं श्रेय झुगे लियांगचं: धुक्यात गवताच्या गलबतांनी शत्रूचे एक लाख बाण गोळा करणारा तो, मंत्राने वारा आणणारा तो. प्रत्यक्षात हा सत्तावीस वर्षांचा तरुण लिऊ बेईचा वकील म्हणून युतीची बोलणी करायला आला होता, लढाई जिंकली तेहतीस वर्षांच्या झोऊ यूने. बाणांच्या कथेचं मूळ बहुधा २१३ च्या एका वेगळ्याच प्रसंगात आहे. सुन चुआनच्या गलबतात एका बाजूला इतके बाण रुतले की ते कलायला लागलं, म्हणून त्याने ते फिरवून दुसरी बाजू पुढे केली. वूने झोऊ यूला त्याचा मोठेपणा परत दिला आणि वाऱ्याच्या मंत्राचं हवामानाचं ज्ञान केलं. चित्रपटातलं त्याचं वाद्यप्रेमही पदरचं नाही. तीन प्याले झाल्यावरही वादकाची चूक झाली की झोऊ यूची मान वळायची, असं चेन शौच लिहितो.

तेव्हा कथा इतिहास बिघडवतेच असं नाही. काही वेळा दुरुस्तही करते. प्रश्न असा की त्साओ त्साओवर इतकी शतकं एकच चेहरा का बसवला गेला? चिनी नाटकात त्याचा चेहरा पांढऱ्या रंगाने रंगवतात. पांढरा म्हणजे कपटी. तो रंगमंचावर आला की तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकांना निकाल माहीत असतो. चिनी लोक म्हणतात, त्साओ त्साओचं नाव काढा, त्साओ त्साओ हजर. अशा वेळी आपण 'शंभर वर्षं आयुष्य आहे' म्हणून आलेल्याला आशीर्वाद देतो. त्यांच्याकडे तो दचकण्याचा प्रकार होता.

याचं उत्तर चीनच्या नकाशात आहे. चेन शौने त्साओ घराण्याचं वेई राज्य अधिकृत मानलं, कारण तो ज्या जिन राजवटीत लिहीत होता तिला गादी वेईकडूनच मिळाली होती. पुढे जिन राजवटीच्या हातून उत्तर गेली, ती दक्षिणेत ढकलली गेली. तेव्हा शी झुओची या इतिहासकाराला साक्षात्कार झाला की खरा वारस कोपऱ्यात रेटला गेलेला लिऊ बेईच होता. अकराव्या शतकात सोंग राजवटीची राजधानी उत्तरेत होती. सिमा ग्वांगने आपल्या प्रचंड इतिहासात कालगणना वेईची धरली. बाराव्या शतकात जुर्चेन लोकांनी उत्तर घेतली, सोंग दरबार दक्षिणेत आला आणि झू शी या तत्त्वज्ञाने पुन्हा लिऊ बेईला वैध ठरवलं. म्हणजे इतिहासकाराचं घर उत्तरेत असेल तर त्साओ त्साओ राज्यकर्ता, दक्षिणेत असेल तर बंडखोर. लिऊ बेई 'लिऊ' आडनावाचा, हान घराण्याचा दूरचा भाऊबंद. परक्यांनी मुलूख घेतल्यावर सामान्य लोकांना त्याच्यात आपलं दुःख दिसलं, यात नवल नाही. त्यांना मी दोष देत नाही.

सू शी या कवीने अकराव्या शतकात एक गोष्ट टिपून ठेवली आहे. गल्लीतली पोरं फार त्रास देऊ लागली की घरचे लोक त्यांना पैसे देऊन कथाकाराकडे पाठवत. तीन राज्यांची कथा चालू असताना लिऊ बेई हरला की पोरं रडत, त्साओ त्साओ हरला की आनंदाने ओरडत. आपल्याकडे दास्तानगो 'अमीर हमजा' सांगायचे तेव्हा चौकात हेच होत असणार. मी शिक्षक असल्याने मला ही पोरं फार ओळखीची वाटतात. नववीच्या वर्गात मी एकदा विचारलं की अमुक सुलतानाबद्दल तुम्हाला हे कुठून कळलं. पाठ्यपुस्तक कुणीच म्हणालं नाही. पुढच्या बाकावरचा म्हणाला, 'सर, बघितलंय ना!' बघितलंय, हा शब्द त्याने इतक्या ठामपणे उच्चारला की तारीख, ग्रंथ, पुरावा हे माझ्याकडचं सगळं सामान हलकं वाटू लागलं. सू शीच्या काळातल्या पोराला निदान समोर बसलेला कथाकार दिसत होता. त्याची दाढी, त्याचा पंखा, कथा संपल्यावर पुढे आलेला त्याचा हात. कुणीतरी सांगतंय हे कळत होतं. पडद्यावर सांगणारा दिसत नाही.

सू शी स्वतःही फसलाच. १०८२ मध्ये हद्दपारीत असताना त्याने लाल कड्यावर आपली अजरामर रचना केली, ती हुआंगझोऊच्या कड्यावर. लढाईची जागा ती नव्हे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज तिथे 'सू शीचा लाल कडा' म्हणूनच लोक जातात. लढाईच्या जागेचा मान मिळालेल्या हुबेई प्रांतातल्या पुची शहराने १९९८ मध्ये आपलं नावच बदलून चिबी, म्हणजे लाल कडा, करून घेतलं.

त्साओ त्साओच्या चेहऱ्यावरचा रंग पुसायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९५९ मध्ये गुओ मोरुओ या लेखकाने त्याच्यावरचा निकाल फिरवा, अशी उघड मागणी केली आणि 'त्साई वेन्जी' नाटक लिहिलं. ही वेन्जी विदुषी होती. बारा वर्षं ती शिओंग्नू टोळ्यांच्या मुलुखात अडकली होती. त्साओ त्साओने खंडणी भरून तिला परत आणलं, तिच्या वडिलांच्या विद्येसाठी. तिला आपली दोन मुलं मात्र तिथेच सोडावी लागली. त्साओ त्साओच्या आयुष्यातली खरी, नोंद असलेली परस्त्री ही. तिच्यावर कुणी पावणेपाच तासांचा चित्रपट काढलेला नाही. अर्थात गुओच्या मागणीलाही माओच्या काळातल्या राजकारणाचा वास होता. कणखर सत्ताधीशाचं कौतुक तेव्हा सोयीचं होतं. पांढरा रंग खरवडून लाल लावणं म्हणजे काही चेहरा उघडा करणं नव्हे.

'रेड क्लिफ'चा दुसरा भाग लागला त्याच वर्षाच्या शेवटी, २७ डिसेंबर २००९ ला, हेनान प्रांतातल्या आनयांगजवळच्या एका गावात त्साओ त्साओची कबर सापडल्याचं जाहीर झालं. २२० मध्ये मरताना त्याने सांगून ठेवलं होतं की नेहमीच्या कपड्यांत पुरा, सोनं आणि जेड ठेवू नका. लोककथेने त्याला मरणातही कपटी ठरवलं होतं: म्हणे त्याने बहात्तर खोट्या कबरी बांधून घेतल्या. त्यामुळे बातमी आल्यावर लोकांचा पहिला प्रश्न होता, ही खोटी नाही कशावरून? पुढे कित्येक महिने वाद चालला. कबर आधीच लुटली गेलेली होती. आत साधारण साठीच्या पुरुषाची आणि दोन स्त्रियांची हाडं मिळाली. त्याबरोबर दगडी पाट्या मिळाल्या, पुरलेल्या वस्तूंच्या यादीसारख्या. त्यातल्या काहींवर कोरलंय की वेईचा राजा वू हे शस्त्र नेहमी वापरत असे. वू ही त्साओ त्साओला मरणोत्तर मिळालेली पदवी. शस्त्र वाघाशी झुंजायचा मोठा भाला. २०२३ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं आहे.